मुंबईत बाराही महिने रंग हवा, तर झुडपं जुलै डोळ्यांपुढे ठेवून निवडा

जानेवारी-फेब्रुवारीत भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं. त्याच सुमारास नर्सऱ्याही रंगांनी भरून गेलेल्या असतात, आणि लोक पेट्युनिया, साल्व्हिया, डेलियाच्या कुंड्या हौसेनं घरी आणतात. एप्रिलच्या उकाड्यात त्यातल्या बऱ्याचशा माना टाकतात, उरलेल्या मेमध्ये जातात. मग घरात कोणीतरी म्हणतं, आपल्या हाताला झाडं लागतच नाहीत. हाताचा काही दोष नसतो. ही एका हंगामाची झाडं, त्यांचं आयुष्यच तेवढं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणून आपण तेरड्याला नावं ठेवतो, पण तो निदान भाद्रपदात गौरीच्या उपयोगी तरी पडतो.

वर्षभर रंग टिकवायचा तर बागेचा कणा झुडपांचा हवा आणि त्यांच्या पायाशी बहुवर्षायू झाडं हवीत. झुडूप म्हणजे जास्वंद, तगर, बोगनवेल यांच्यासारखं टणक फांद्यांचं झाड, जे वर्षानुवर्षं जागेवर राहतं. बहुवर्षायू म्हणजे सोनटक्का, कर्दळ, शेवंती, अबोली यांच्यासारखी मऊ देठांची झाडं. यातली काही वर्षभर हिरवी असतात. काही वरून पूर्ण वाळतात आणि दिवस आले की कंदातून किंवा मुळापासून पुन्हा फुटतात.

निवडताना नर्सरीत आज काय फुललंय याला फार महत्त्व देऊ नका. हे झाड जुलैत काय करेल, हा प्रश्न आधी विचारा. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एकेक आठवडा ऊन दिसत नाही. त्यात जे कुजलं ते पुढच्या थंडीत कितीही सुंदर फुललं असतं तरी आपल्या कामाचं नाही. लॅव्हेंडर, हायड्रेंजिया, अझेलिया ही थंड हवेची झाडं इथे विकत मिळतात म्हणजे इथे जगतात असं नव्हे. मुंबईचं किमान तापमान १५ अंशांखाली क्वचितच जातं. त्यांना लागणारी थंडी इथे नाही, आणि दमट हवेत लॅव्हेंडरची मुळं पहिल्याच पावसाळ्यात सडतात.

मुंबईचे ऋतू, झाडांच्या हिशेबाने

पावसाळा हा इथला सगळ्यात श्रीमंत ऋतू, आणि बागा नेमक्या तेव्हाच हिरव्याकंच पण बिनफुलांच्या दिसतात. कारण एकच, पावसात फुलणारी झाडं कोणी लावलेलीच नसतात. पहिल्या सरींबरोबर जमिनीतून मे-फ्लॉवर लिलीचा लाल गोल चेंडू वर येतो, आधी फूल आणि मग पानं. त्यामागोमाग रेन लिली फुलते, दर मोठ्या सरीनंतर एकदा. जुलैपासून पेवाची पांढरी, कागदासारखी फुलं लाल कणसांतून डोकावतात. पॅगोडा फ्लॉवरचे नारिंगी-लाल मनोरे उभे राहतात आणि त्यांवर फुलपाखरं तुटून पडतात. त्याला चार हात लांब जागा द्या, कारण मुळांपासून फुटवे फुटून तो पसरतो. शंकासूर, कर्दळ, भूतकेस, जाई, जुई हीसुद्धा पावसातली मंडळी. सावलीच्या कोपऱ्यात कॅलेडियम लावा. गुलाबी-पांढऱ्या-लाल पानांचा हा कंद जून ते ऑक्टोबर रंग देतो आणि त्याला थेट ऊन नकोच असतं. गौरीच्या हातांचा, म्हणजे कळलावीचा, वेल श्रावण-भाद्रपदात पेटल्यासारखा दिसतो, मात्र त्याचा कंद जहाल विषारी आहे. घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर तो टाळा.

सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनटक्का आणि पारिजातक भरात असतात. ऑक्टोबर हीट मात्र फसवी. पाऊस थांबलेला असतो, वरून माती ओली वाटते, पण पावसात फोफावलेली कोवळी पानं अचानक कडक उन्हात येतात आणि कडेने करपतात. पाणी द्यायची सवय सुटलेली असते तेही याच दिवसांत. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, तिथे कोरडं लागलं तर पाणी द्या.

थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कोरांटी हे सगळ्यात कमी कटकटीचं झुडूप. जांभळी, पांढरी, पिवळी, तिन्ही मिळतात. पिवळीला काटे असतात, त्यामुळे ती कुंपणाला बरी. कुंद याच दिवसांतला. शेवंती आणि पॉइन्सेटियाला फुलायला लांब रात्र लागते. सलग बारा तासांहून जास्त अंधार मिळाला तरच त्या कळ्या धरतात, आणि इथे ऑक्टोबरपासून रात्री तेवढ्या लांबतात. पण गॅलरीत रात्री अकरापर्यंत दिवा असेल किंवा समोर रस्त्यावरचा दिवा झगमगत असेल, तर झाड फसतं. डिसेंबर आला तरी पॉइन्सेटियाची पानं हिरवीच, अशी तक्रार असेल तर खत वाढवून काही होत नाही, कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवावी लागते. ते शक्य नसेल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून साधारण आठ आठवडे रोज संध्याकाळी सहा ते सकाळी आठ त्यावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला.

उन्हाळा मोगऱ्याचा, अनंताचा, म्युसेंडाचा, कण्हेरीचा. बोगनवेल तर थंडीच्या सुरुवातीपासून मेअखेरपर्यंत दोन-तीनदा बहरते. जागा मोठी असेल आणि देशी झुडूप हवं असेल तर धायटी लावा. फेब्रुवारी ते एप्रिल तिच्या कमानदार फांद्या लाल नळीसारख्या फुलांनी लगडतात आणि शिंजीर पक्षी दिवसभर त्यांवर लटकलेले असतात.

जास्वंद, तगर, एक्झोरा, हमेलिया, अबोली ही जवळजवळ वर्षभर थोडी थोडी फुलत राहतात. ती हवीतच, पण फक्त तीच लावली तर बाग बारा महिने सारखीच दिसते. साधारण निम्मी झाडं अशी बारमाही आणि उरलेली वेगवेगळ्या ऋतूंतली, हे प्रमाण चांगलं चालतं.

कोणत्या गॅलरीत काय

मुंबईत बहुतेकांची बाग गॅलरीतच असते आणि तिथलं ऊन ऋतूप्रमाणे जागा बदलतं. हा हिशेब एकदा समजला की निम्म्या चुका टळतात.

मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून सुमारे ४७-४८ अंशांवर असतो. एप्रिलच्या मध्यात तोच ८० अंशांपर्यंत चढतो. मेच्या मध्यात तो बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेकडे असतो. आता दक्षिणेकडची गॅलरी घ्या. वरच्या मजल्याचा स्लॅब तिच्या कडेपर्यंत आलेला आणि छत ९ फुटांवर. डिसेंबरात दुपारचं ऊन जमिनीवर आठ फूट आतपर्यंत येतं, एप्रिलच्या मध्यात ते जेमतेम दीड फूट येतं आणि जूनमध्ये अजिबात नाही.

म्हणजे दक्षिणेची गॅलरी थंडीत फुलणाऱ्या झाडांची. शेवंती, कोरांटी, थंडीतली बोगनवेल तिथे उत्तम. मोगरा मात्र तिथे हमखास रुसतो, कारण त्याला मार्च ते मे पाच-सहा तास ऊन हवं आणि त्याच महिन्यांत ते तिथून मागे हटत जातं. जानेवारीत इतकं ऊन होतं, मग मोगरा का फुलला नाही, याचं उत्तर इथे आहे. मोगऱ्याला पूर्व किंवा पश्चिम द्या.

पूर्वेची गॅलरी सगळ्यात सोयीची. सकाळचं सौम्य ऊन बारा महिने, आणि पावसाचा मारा कमी. जास्वंद, मोगरा, अनंत, एक्झोरा सगळं तिथे चालतं. पश्चिमेला दुपारचं तापलेलं ऊन आणि जूनपासून नैऋत्येचा वारा थेट अंगावर. तिथे बोगनवेल, कण्हेर, शंकासूर अशी चिवट झाडं लावा. दहाव्या मजल्याच्या वर शंकासूरही नको, वाऱ्याने फांद्या मोडतात. उत्तरेला तगर, अबोली, कवठी चाफा, कॅलेडियम, आणि रंगीत पानांचं अग्लोनेमा. क्रोटनच्या पानांना रंग चढायला मात्र चांगला उजेड लागतो. अंधाऱ्या उत्तरेला तो हिरवट पडत जातो.

वरळी, वांद्रे, मरीन ड्राइव्हसारख्या समुद्रासमोरच्या जागी वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात आणि पानांची टोकं तपकिरी होतात. कण्हेर, बोगनवेल, करवंद आणि स्पायडर लिली हे सहन करतात. बाकीच्यांची पानं आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा. कण्हेरीचं सगळं झाड विषारी असतं, तिच्या छाटलेल्या फांद्या गुरांच्या किंवा मुलांच्या वाटेत टाकू नका.

पिवळी पानं आणि सोसायटीची माती

सोसायटीच्या वाफ्यात अनंत आणि एक्झोरा लावतात, वर्षभरात त्यांची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात, मग माळी शेणखत ओततो आणि काही फरक पडत नाही. मुंबईत हे इतक्या ठिकाणी दिसतं की नीट समजून घेणं भाग आहे.

इमारत बांधताना उरलेलं डेब्रिज, म्हणजे सिमेंट, प्लॅस्टर, विटांचे तुकडे, बहुतेक वेळा त्याच आवारात पुरतात आणि वर फूटभर लाल माती पसरतात. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर झिरपत राहतो आणि माती अल्कधर्मी होते. अशा मातीत लोह असलं तरी ते मुळांना घेता येत नाही. लोहाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही, म्हणून नवी पानं पिवळी येतात. अनंत आणि एक्झोरा ही आम्लधर्मी मातीची झाडं, त्यांना हे सगळ्यात आधी बाधतं. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर ते वेगळं दुखणं, बहुधा नत्राची कमतरता किंवा साचलेलं पाणी.

उपाय दोन पातळ्यांवर करायचे. तात्पुरता उपाय म्हणजे चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, लिटरभर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम मिसळून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पानांवर फवारणं, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. कायमचा उपाय म्हणजे लावतानाच दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन डेब्रिज उपसून काढणं आणि त्यात दोन भाग लाल मातीला एक भाग कुजलेलं शेणखत घालून भरणं. भिंतीला किंवा सिमेंटच्या कठड्याला चिकटून एक्झोरा लावूच नका, दोन फूट सोडा. ज्या वाफ्यात खणलं की नुसता राडारोडा निघतो, तिथे हट्ट सोडून बोगनवेल, कण्हेर किंवा करवंद लावावं हे उत्तम.

कुंडीसाठी दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धा भाग जाडी रेती किंवा विटांचा चुरा. १२ इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. बोगनवेल आणि अ‍ॅडेनियमला कोकोपीट नको, त्या जागी रेतीच वाढवा. तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत सोडून द्या. त्याने पाणी लवकर निघत नाही, उलट मातीची जागा कमी होते. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. लाल मातीची १२ इंची कुंडी भिजली की २०-२५ किलो होते. अशी कुंडी छज्जावर किंवा कठड्यावर ठेवायची नाही.

रंग कात्रीत असतो

जास्वंद, बोगनवेल, मोगरा, म्युसेंडा, शंकासूर यांना नव्या फुटीवर फुलं येतात. म्हणजे छाटलं की फूट, आणि फूट पक्व झाली की कळ्या. बहर कधी हवा ते ठरवून मागे मोजायचं. साधारण सहा ते आठ आठवडे धरा.

बोगनवेल पावसात लांबच लांब हिरवे शेंडे काढते. पाऊस परतला की, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, ते एक तृतीयांश छाटा. नवी फूट बोटभर झाली की पाणी तोडा. पानं थोडी मलूल दिसू लागली की मगच पाणी, असं तीन-चार वेळा करा. नोव्हेंबर-डिसेंबरात रंग येतो. रंगीत दिसतात ती फुलं नव्हेत, फुलाभोवतालची पानं. खरं फूल त्यांच्या मधली बारीक पांढरी नळी. म्हणूनच तो रंग इतका टिकतो. रंग येत नसेल तर तीन कारणं तपासा: सहा तासांपेक्षा कमी ऊन, रोजचं पाणी, आणि नत्राचं खत.

मोगऱ्याला डिसेंबरपासून पाणी कमी करा, जानेवारीअखेर निम्म्यावर छाटा, उरलेली पानं हाताने ओरबाडून काढा, वरची दोन इंच माती हलवून ओंजळभर गांडूळखत द्या आणि मग पाणी सुरू करा. निर्दय वाटतं, पण मार्चच्या मध्यापासून कळ्या धरतात त्या यामुळेच. बटमोगऱ्याला तर हे केल्याशिवाय बहर असा येतच नाही.

अनंत आणि पारिजातक यांची तऱ्हा मात्र वेगळी. अनंताला बहर संपल्या संपल्या, जुलैच्या आसपास, हलकंसं छाटा. जानेवारीत छाटलं तर त्या वर्षीची फुलं कात्रीबरोबर गेली. पारिजातक बहर पूर्ण संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत. एक्झोराची फुलं फांदीच्या टोकाला येतात. दर महिन्याला त्याला चौकोनी ठोकळ्यासारखा तासणाऱ्या माळ्याला फुलं कधीच दिसत नाहीत. वर्षातून दोनदा छाटणी पुरे.

खत कधी? मेअखेर एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा. जुलैत दिलेलं खत पावसाबरोबर गटारात जातं.

जास्वंदीचं एक खास दुखणं म्हणजे पिठ्या ढेकूण, शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर. मुंग्या त्यांची राखण करतात आणि त्यांना एका फांदीवरून दुसरीकडे नेतात, म्हणून आधी मुंग्यांचा बंदोबस्त. मग पाण्याच्या जोरदार धारेने शेंडे धुवा. नंतर लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिलि पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याच्या अंतराने तीनदा. फार माखलेला शेंडा सरळ कापून पिशवीत बांधून टाका. नर्सरीत रंगीबेरंगी मोठ्या फुलांच्या जास्वंदी मिळतात त्या दिसायला झकास, पण पावसात मुळं कुजण्यात त्यांचा पहिला नंबर. पहिली जास्वंद देशी एकेरी लाल घ्या.

एक वाफा

सोसायटीच्या पूर्वेला १० फूट लांब, ४ फूट रुंद वाफा आहे असं धरू. मागे दोन टोकांना एक जास्वंद आणि एक बोगनवेल, मध्ये किमान ५ फूट अंतर. मधल्या जागेत तीन जांभळ्या कोरांट्या, दीड-दीड फुटांवर. बोगनवेलीच्या पायाशी मे-फ्लॉवरचे ७-८ कंद, तीन इंच खोल. पुढच्या कडेला रेन लिलीचे ३०-४० कंद, चार-चार इंचांवर, आणि जास्वंदीच्या बाजूला, तिच्या सावलीत, पाच-सहा अबोली.

बोगनवेल आणि मे-फ्लॉवर यांची जोडी मुद्दाम जमवलेली आहे. बोगनवेल नुसती हिरवी असते त्या पावसाळ्यात तिच्या पायाशी लिली फुलते आणि पानं काढते. थंडीत लिली झोपते, तेव्हा तिला कोरडी माती हवी असते आणि बोगनवेलीलाही नेमकं तेच हवं असतं. एकाच मातीत दोन ऋतू बसतात. याउलट सोनटक्का बोगनवेलीजवळ कधीच लावू नका. त्याला बारा महिने ओल हवी, दोघांपैकी एक मरणारच.

झोपणाऱ्या झाडांचा एक घोटाळा नेहमी होतो. डिसेंबरात कॅलेडियम, मे-फ्लॉवर, कळलावी यांची पानं वाळली की झाड मेलं समजून माळी वाफा खणतो किंवा कुंडीत दुसरंच काही लावतो. जागेवर रंगवलेली काडी रोवून ठेवा. कुंडीत असतील तर पानं वाळू लागताच पाणी बंद करा आणि कुंडी सावलीत कोरडी ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती बाहेर काढून एकदा भिजवायची, पुढचं पाऊस बघतो.

लागवड जमिनीत करायची असेल तर दोन-तीन चांगल्या सरी झाल्यावर, जूनच्या उत्तरार्धात. कुंडीतली नवी झाडं मात्र पावसाळा संपल्यावर घ्या. नर्सरीतून आलेल्या झाडाभोवती बऱ्याचदा चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच कुंडीत ठेवला तर बाहेरची माती ओली आणि गोळा आतून कोरडा, किंवा उलट, असा प्रकार होतो. पिशवी कापा, गोळा अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवा, बाहेरची साधारण एक तृतीयांश माती बोटांनी सैल करा, गोल गोल फिरलेली मुळं सरळ करा किंवा कापा, आणि मग लावा. पहिले आठ दिवस सावलीत. कुंडीखालच्या बशीत पाणी साठू देऊ नका. पावसाळ्यात महापालिकेचे लोक डेंग्यूच्या डासांसाठी पहिल्यांदा तीच तपासतात, आणि झाडाची मुळं कुजायलाही तीच कारणीभूत असते. जूनमध्ये बशा उचलून ठेवा, ऑक्टोबरात पुन्हा काढा.